टिबलथ्वेटांचं सुतक

आमच्या शेजारच्या प्रमिलाताई टिबलथ्वेट यांना वर्षातून दोनतीनदा सुतक येतं. गेलेल्या माणसाला त्यांनी बहुतेक वेळा जन्मात पाहिलेलं नसतं. तरी देवघरातला दिवा बंद, गोडधोड बंद, आणि दारात कोणी आलं की चौकटीवर हात आडवा.

हे मला कळलं तेव्हा मी लीड्समध्ये नवा होतो आणि माझ्या हातात अकरा मोदकांचं ताट होतं. पुण्याहून येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. घर म्हणजे इथल्या पद्धतीचं जोडघर, मधे एक भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. पलीकडच्या दारावर पितळी पाटी होती, 'डॉ. पी. टिबलथ्वेट'. गणपती बसल्यावर अनघा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "शेजारी मोदक देऊन ये. तेवढीच ओळख." गोऱ्या डॉक्टरला मोदक काय सांगायचा, सारण काय सांगायचं, याची इंग्रजी वाक्यं मनात जुळवत मी बेल वाजवली.

दार उघडलं ते एका सत्तरी उलटलेल्या बाईंनी. सुती साडी, त्यावर पुरुषाच्या मापाचा बाटलीहिरवा स्वेटर, पायात जाड लोकरी मोजे. त्यांनी हात आडवा घातला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आत नको येऊ. सुतक आहे आमच्यात. ग्रिम्सबीचे टिबलथ्वेट गेले काल. तुझ्या घरी गणपती आहे न? मग उंबऱ्याच्या बाहेरच राहा."

माणसाला एका वेळी एक धक्का पुरतो. मला तीन एकदम बसले होते. टिबलथ्वेट मराठी निघाल्या, त्यातही नागपूरच्या निघाल्या, आणि ग्रिम्सबी नावाच्या कोळ्यांच्या गावातला इंग्रज मेला म्हणून यांना सुतक आलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं, आमच्याकडे गणपती आहे ते?" मी विचारलं. तेवढंच सुचलं.

"भिंत पातळ आहे बाबू. दोन दिवसांपासून आरती ऐकून राहिली मी. तिसऱ्या कडव्यात घसरता तुम्ही दोघंही."

हा चौथा. मी सावरून म्हटलं, "फार वाईट झालं. अगदी जवळचे होते का?"

"सातव्या पिढीच्या आतले. पूर्ण दहा दिवस."

"नाही, म्हणजे येणंजाणं होतं का?"

"एकदा फोन केला होता मी. त्यांनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला." एवढं बोलून त्यांनी स्वेटरच्या बाहीनं चक्क डोळे पुसले. मग ताटाकडे नजर गेली. "उकडीचे दिसतात. फ्रीझरमध्ये ठेव. सुतक फिटलं की अकराव्या दिवशी आण."

उकडीचे मोदक फ्रीझरमध्ये! पुण्यात एवढ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं असतं. पण दार लागलं होतं.

प्रमिलाताई पंचविशीत नागपूरहून इथल्या एका हॉस्पिटलात आल्या. त्यांचं काम ऑपरेशनच्या आधी भूल देण्याचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हाताचा गुण गेलेला नाही. टिबलथ्वेटांची वंशावळ सांगायला लागल्या की समोरचा माणूस दहापासून उलटे आकडे मोजून व्हायच्या आत डोळे मिटतो. त्यांचे यजमान आर्थर त्याच हॉस्पिटलात पोर्टर होते. ते पेशंटची ट्रॉली ढकलत आणायचे, या पेशंटला झोपवायच्या, ते परत न्यायचे. असं आणता-नेता लग्न झालं. आर्थर जाऊन नऊ वर्षं झाली आहेत. मूलबाळ नाही. तो हिरवा स्वेटर आर्थरचाच.

बोलण्यात त्यांचे दोन शब्द पक्के. एक, 'आमच्यात'. "आमच्यात चहात साखर घेत नाहीत." "आमच्यात गुडघे लवकर जातात." "आमच्यात पुरुष कमी बोलतात." मराठी माणूस 'आमच्यात' म्हणाला की पुढे काय येतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून मी आपला सावधपणे मान डोलवायचो. हे 'आमच्यात' म्हणजे टिबलथ्वेटांत, हे ध्यानात यायला मला महिना लागला.

दुसरा शब्द, "कागद आहे का?" मी म्हटलं, उद्या बर्फ पडणार म्हणतात, की "कागद आहे का?" अनघा म्हणाली, माझ्या आजोळी तेल कमी वापरतात, की "कागद आहे का?" पुराव्यावाचून त्या काही ऐकून घेत नाहीत. एकदा मी सहज माझं वय सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी पासपोर्ट आणायला उठत होतो.

अकराव्या दिवशी मोदक घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा आत प्रवेश मिळाला. जेवणाच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत इंग्लंडचा नकाशा होता. त्यात टाचण्या. हिरव्या टाचण्या हयात टिबलथ्वेटांच्या, काळ्या गेलेल्यांच्या. काळ्यांची गर्दी होती, हिरव्या शोधाव्या लागत होत्या. मी तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो.

"टिब म्हणजे एका माणसाचं नाव," त्या मोदकाचं नाक मोडत म्हणाल्या. "थ्वेट म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा. जुन्या नॉर्स लोकांचा शब्द. कोणा टिबनं इथं यॉर्कशरच्या डोंगरात रान तोडलं, ते झालं टिबलथ्वेट गाव. तिथून जे बाहेर पडले त्यांना लोक गावाच्या नावानं हाका मारायला लागले. तुझ्यासारखंच. तू आंजर्लेकर, ते टिबलथ्वेट. जो गावात राहून राहिला, त्याला गावाचं नाव कोण लावेल? गाव सोडलं की लागतं ते."

मग बोट नकाशावरून फिरायला लागलं. डोंगरातून काहीजण नदीच्या कडेकडेनं गिरण्यांच्या गावांत उतरले. काही मासेमारीच्या नादानं हल आणि ग्रिम्सबीच्या बंदरात गेले. एकजण मोजे विणण्याच्या कारखान्यात म्हणून लेस्टरला गेला, त्याचा वंश तिथंच राहिला. एक शाखा विमानतळाच्या नोकरीपायी हाउन्सलोला. कॉर्नवॉलमध्ये एक आहे अशी शंका आहे, पण कागद नाही. सगळे हयात टिबलथ्वेट गोळा केले तर एका डबलडेकर बसच्या खालच्या मजल्यावर मावतील, आणि तरी दोनचार बाकं रिकामी राहतील, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना आवाज जरा खाली गेला होता.

"आंजर्ल्याला शेवटचा कधी गेला होता?" त्यांनी एकदम विचारलं.

"मी नाही गेलो कधी. आजोबांच्या वेळेपासून पुण्यातच आम्ही."

चष्मा नाकावरून घसरून साखळीला लोंबकळला. "स्वतःच्या गावाला गेला नाही? आणि गावाचं नाव घेऊन फिरून राहिला उजळ माथ्यानं? अरे बाप्पा!" त्या दिवशी दुसरा मोदक त्यांनी माझ्यापुढून उचलून बाजूला ठेवला.

फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. सात पिढ्यांच्या आतल्या टिबलथ्वेटांचं सुतक दहा दिवस. त्यापुढच्यांचं तीन दिवस. कॉर्नवॉलसारखे, ज्यांचा कागद मिळालेला नाही, त्यांच्यासाठी नुसती आंघोळ. आमच्या गुरुजींनाही एवढं पाठ नसेल. "आर्थरना फार हौस असेल या सगळ्याची," मी म्हटलं.

"आर्थर? त्याला आजोबांचं नाव माहीत नव्हतं. मी टाचण्या लावायची, तो स्टूल धरायचा. धरून-धरून फुटबॉल पाहायचा."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला गाडी काढायला लावली. टिबलथ्वेट गावाला जायचं होतं. गाव कसलं, डोंगराच्या उतारावर दगडी गडग्यांनी वेढलेलं एक कुरण आणि त्यात शंभरेक मेंढ्या. घर एकही शिल्लक नाही. प्रमिलाताईंनी पिशवीतून नारळ काढला, गडग्याच्या एका दगडावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ असा फोडला की मेंढ्या थेट पलीकडच्या टोकाला पळाल्या. मी भेदरून आजूबाजूला पाहिलं, तर कुरणाचा मालक काठी घेऊन लगबगीनं येत होता. म्हटलं आता पोलीस, मग व्हिसा, मग पुणे. तो जवळ आला, टोपी काढली आणि म्हणाला, "या वर्षी उशीर केलात, डॉक्टर." आणि खोबऱ्यासाठी हात पुढे केला. गेली वीस वर्षं तो खोबरं खात होता. बायकोला आवडतं म्हणून एक तुकडा रुमालात बांधूनही घेतला.

"कुलस्वामिनीचं ठाणं नाही, देऊळ नाही," परत येताना त्या म्हणाल्या, "पण गाव तर आहे न? जाऊन यावं लागतं."

अनघाचे आईवडील भारतात परत निघाले तेव्हा त्यांना हीथ्रोला सोडायला जायचं होतं. प्रमिलाताई आपणहून गाडीत बसल्या, दोन बॅगांच्या मधे, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. विमान गेल्यावर म्हणाल्या, "हाउन्सलो इथून वीस मिनिटं आहे. आपला कॉलिन राहतो." आपला कॉलिन! त्याच्या दाराची बेल वाजवून मी तोंड लपवायच्या तयारीनं उभा राहिलो.

कॉलिन टिबलथ्वेट पन्नाशीचा, विमानतळावर सामान चढवणारा, दांडगा आणि अबोल गृहस्थ. दारात साडी नेसलेली म्हातारी बघून त्याला वाटलं आम्ही पत्ता चुकलो. ताईंनी इंग्रजीत त्याला त्याच्या खापरपणजोबांपासून सुरुवात करून दिली. पाचव्या मिनिटाला तो दाराला टेकला. दहाव्या मिनिटाला म्हणाला, "मला वाटायचं, हे आडनाव आमच्या कोणी गंमत म्हणून ठेवलंय. माझे वडील म्हणायचे, आपलं कोणीच नाही. एक काका होते ग्रिम्सबीला, रॉन. भांडण झालं होतं म्हणे. आहेत की नाहीत, देव जाणे."

"गेल्या सप्टेंबरात गेले," ताई म्हणाल्या. "मी दहा दिवस पाळले त्यांचे."

पाळले म्हणजे काय, ते त्याला समजावून सांगावं लागलं. माणूस गेलं की घर दहा दिवस वेगळं होतं. दिवा नाही, सणवार नाही. बाहेरच्यांनी बाहेर राहायचं, घरचे तेवढे आत. कॉलिन ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. मी धक्के खायला सरावलेला होतो, तो बिचारा नवखा. "माझा काका मेला हे मला माहीत नाही," तो म्हणाला, "आणि तुम्ही, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, दहा दिवस..."

"तुझा काका होता? कागद आहे का?" ताईंनी विचारलं.

त्यानं माळ्यावरून जन्माचे दाखले ठेवलेली पिशवी काढून आणली. तिघं जमिनीवर बसलो. निघताना त्यानं ताईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. शंकरपाळे मात्र त्याला बिस्किटांपेक्षा कडक वाटले, हे त्यानं स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर ताईंनी मला प्लॅस्टिकमध्ये मढवलेली एक यादी दिली. सगळ्या हयात टिबलथ्वेटांचे फोन नंबर, जवळच्या नात्यापासून लांबच्यापर्यंत क्रमानं. पहिलं नाव कॉलिनचं. "मला काही झालं तर या क्रमानं फोन करायचे. क्रम चुकवायचा नाही." मी ती यादी चहाच्या डब्यामागे ठेवून दिली.

मग लेस्टरचं प्रकरण झालं. तिथल्या एका तरुण टिबलथ्वेटनं सगळ्या ऑफिसांत नाव सांगून-सांगून कंटाळल्यामुळे कायदेशीर आडनाव बदलून घेतलं. आता तो थॉमस झाला होता. ताईंना हे समजलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. अनघानं वरणभात नेऊन दिला तो तसाच राहिला. मी समजूत काढायला गेलो आणि माझ्या पुणेरी जिभेला हाड नाही, म्हणून म्हणालो, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? टाका त्याच्या नावानं आंघोळ करून, आणि लावा काळी टाचणी!"

खोलीत एकदम थंडी पसरल्यासारखं झालं. ताईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करायची नाही," त्या म्हणाल्या. "कळलं? कधीच नाही. माझ्या घरात हे बोलायचं नाही."

मी घाबरून माफी मागितली. काय चुकलं ते मला समजलं नव्हतं. आपण रोज दहादा म्हणतो, पैसे बुडाले तरी म्हणतो, छत्री हरवली तरी म्हणतो. लेस्टरची टाचणी हिरवीच राहिली. त्याच्या शेजारी त्यांनी चिठ्ठी चिकटवली, 'सध्या थॉमस'.

हे सगळं मी हसत-हसत सांगतोय, कारण या फेब्रुवारीपर्यंत मला हे हसण्यासारखंच वाटत होतं.

त्या सकाळी बेल वाजली. दारात ताई होत्या. स्वेटर उलटा घातलेला, हातात फोन. "या न आत," मी म्हटलं.

"येऊ का?" त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "तेच विचारायला आली मी. मला आत येता येतं की नाही, ते सांग."

मला काही कळेना. अनघा हात पुसत बाहेर आली. ताईंनी फोन तिच्या हातात दिला. मेडिकल कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप होता. नागपूरच्या कोणा मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'प्रमिला, वसंता गेल्याचं तुला कळलंच असेल. महिना झाला. फार चांगला माणूस.'

"वसंता कोण?" अनघानं विचारलं.

"माझा भाऊ. एकुलता."

दोन वर्षांत त्यांनी आम्हाला ग्रिम्सबीच्या रॉनचे चुलत आजोबासुद्धा नावानिशी सांगितले होते. सख्ख्या भावाचं नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्या दारातच उभ्या राहून बोलल्या. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, मी आत ओढायचा प्रयत्न केला तर हलल्या नाहीत. "लग्नाचं पत्र नागपूरला पोचलं न, त्या दिवशी बाबांनी माझ्या नावानं आंघोळ केली. खरीच आंघोळ. आई, काकू, सगळ्यांना करायला लावली. डिसेंबर होता. वसंता सोळा वर्षांचा, त्यालाही केली. मग त्यानं चोरून पत्र टाकलं मला. एकच पत्र. त्यात एवढंच होतं, 'ताई, पाणी फार गार होतं. तू तिकडे गरम कपडे घाल.'"

अनघा रडायला लागली.

"इकडे लग्नाच्या दिवशी आर्थरची आई मला म्हणाली, आता तू आमच्यातली. आमच्यात फार माणसं नाहीत, असं म्हणाली. तेवढंच. फार नाहीत म्हणजे किती, ते पाहायला लागली मी." त्यांनी उलट्या स्वेटरची बाही ओढली. "मला सगळ्यांचं सुतक माहीत आहे रे आंजर्लेकर. लग्न झालेल्या बहिणीला तीन दिवस. उशिरा कळलं तरी तीन दिवस. पण जिच्या नावानं भावानं आधीच आंघोळ केली, तिला लागतं का? मी तर त्यांच्या लेखी पन्नास वर्षांपूर्वी गेली. गेलेल्या माणसाला सुतक कसं लागेल? याचा कागद कुठं पाहू मी?"

प्रत्येक गोष्टीवर बोलणारा मी. "तुम्ही बसा तरी," एवढंच म्हणालो. त्या वळल्या आणि आपल्या घरात गेल्या. दार लागल्याचा आवाज आला.

त्या दिवशी पातळ भिंतीतून काही ऐकू आलं नाही. ना रेडिओ, ना कुकरची शिट्टी. बेल वाजवली तर दार उघडलं नाही. फोनवर फक्त, "बरी आहे मी. ठेव." माझ्यासारख्या बाहेरच्या माणसानं यापुढे काय करायचं असतं? संध्याकाळी मी चहाच्या डब्यामागून ती मढवलेली यादी काढली. क्रम चुकवायचा नाही असं सांगितलं होतं. मी पहिला नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारासमोर गाडी थांबली. कॉलिन हाउन्सलोहून चार तास एकटा गाडी चालवत आला होता. अंगात काळा सूट होता, बहुधा कोणा लग्नातला, पोटावर बटण लागत नव्हतं. मी त्याच्याबरोबर शेजारच्या दाराशी गेलो. त्यानं बेल न वाजवता मुठीनं दार ठोकलं आणि आपलं नाव सांगितलं. आडनावासकट.

दार उघडलं. ताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. "ती यादी मी गेल्यावरची होती!" त्या कडाडल्या. आवाज ऐकून मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. मग त्यांनी हात आडवा घातला आणि कॉलिनला इंग्रजीत म्हणाल्या, "आत येऊ नकोस. मी पाळून राहिले आहे. बरोबर की चूक, माहीत नाही, पण पाळून राहिले आहे."

"म्हणूनच आलो," कॉलिन म्हणाला. तो एरवी एका वाक्याच्या पुढे जात नसे, पण वाटेत चार तास त्यानं हे पाठ केलं असावं. "तुम्हीच मला सांगितलं होतं, बाहेरच्यांनी बाहेर राहायचं आणि घरचे आत. रॉनकाकाचे दहा दिवस तुम्ही केलेत, त्यात माझ्या वाट्याचेही होते. मला माहीतही नव्हतं. आता तुमच्या भावाचे आहेत. मी आत येतो."

"तसं नसतं रे," ताई म्हणाल्या. आता आवाज कापत होता. "बायकोच्या माहेरचं तिच्या सासरच्यांना लागत नाही. तुम्हाला नाही लागत ते. नियम आहे."

कॉलिननं थोडा विचार केला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "कागद आहे का?"

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. चौकटीवरचा हात हळूहळू खाली आला. मग त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या, आणि त्या दांडग्या माणसानं त्यांना धरून ठेवलं. पावसात, दारात, कोणाची पर्वा न करता. बऱ्याच वेळानं त्यांनी त्याच हिरव्या बाहीनं नाक पुसलं आणि त्याच्या पायांकडे पाहिलं.

"बूट बाहेर काढ," त्या म्हणाल्या. "आमच्यात घरात बूट घालत नाहीत."

कॉलिननं निमूटपणे बूट काढले आणि आत गेला. त्याच्या मागोमाग मीही पाय उचलला, तर हात पुन्हा चौकटीवर आडवा.

"तू नाही," ताई म्हणाल्या. "तू आंजर्लेकर. परवा ये."

दार लागलं. मी त्या भुरभुर पावसात उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आपल्या तोंडावर लागलेल्या दारानं इतकं बरं वाटतं, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.